नागपूरच्या मातीसाठी पहिली ट्रेल बाईक कशी निवडायची

"ताई, हिमालयन घेऊ की एक्सपल्स?" कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या या दोन बाईकबद्दलचा हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. मी उलट विचारते, "फिरणार कुठे? काटोलकडे की रामटेककडे?" समोरच्यानं व्हिडिओ पाहून हॉर्सपॉवर पाठ केलेली असते, त्यामुळे हा प्रश्न त्याला विचित्र वाटतो. पण आपल्याकडे डांबरावरून खाली उतरायचं असेल तर बाईकची निवड मातीपासून सुरू करावी लागते. त्यानंतर तुमची उंची आणि गाडीचं वजन. इंजिनाची ताकद बरीच नंतर येते.

आजवर स्कूटर किंवा साधी कम्युटर चालवली आहे, आता पांदण रस्ते (शेतांमधल्या बैलबंडीच्या वाटा), मुरमाच्या वाटा, तलावाकाठचे कच्चे रस्ते खुणावताहेत आणि त्यासाठी पहिली बाईक घ्यायची आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. लडाखला जाऊन आलेल्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. मात्र लडाखचा अनुभव इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथे विरळ हवेत इंजिनाचा दम लागतो. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे, इथे दम काढतात ऊन आणि चिखल.

पहिली पायरी: मातीची चौकशी

नागपूर दख्खनच्या लाव्हा पठाराच्या पूर्व कडेला वसलं आहे. शहराच्या पश्चिमेला, म्हणजे कळमेश्वर, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात, खाली बेसाल्ट आणि वर काळी माती. कापूस, तूर, संत्रा ही तिथली पिकं. रामटेकच्या बाजूला गेलं की खडक बदलतो, माती रेतीमिश्रित आणि तांबूस होत जाते, धानाच्या बांध्या दिसायला लागतात. एकाच शहरातून निघून तासाभरात दोन वेगळ्या जमिनींवर जाता येतं, आणि दोन्हींवर बाईक वेगळी वागते.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बैलबंडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. पुढचं चाक चाकोरीत गेलं तर तिरकं काढायला जाऊ नका. नजर लांब ठेवा, चाकोरीतूनच सरळ चालत राहा, कड खाली आली की बाहेर पडा. हे सरावानं महिनाभरात जमतं.

पावसाळ्यातली काळी माती मात्र वेगळंच प्रकरण आहे. ती टायरला चिकटते, तिच्यावर आणखी माती चिकटते, चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा भरून जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. माझी पहिली गाडी दोनशे किलोंच्या वरची, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली होती. जुलैमध्ये, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर, मी ती कळमेश्वरच्या पलीकडे एका पांदणीत घातली. पन्नास पावलांत पुढचं चाक जाम झालं आणि मी गाडीसकट आडवी झाले. गाडी एकटीनं उचलेना. शेजारच्या शेतातून एक काका आणि त्यांचा मुलगा आले, काठीनं मडगार्डमधली माती उकरून काढली, तिघांनी मिळून गाडी उभी केली. काका एवढंच म्हणाले, "वाफसा येऊ दे ना वं पोरी. आज त बैलंही नाई जात या पांदनीनं."

वाफसा हा शब्द मला शेतीपुरताच माहीत होता. त्या दिवसापासून तो माझ्या बाईकच्या डायरीत आहे. पाऊस थांबल्यावर जमिनीतलं जास्तीचं पाणी निघून जातं, ओल आणि हवा यांचा मेळ बसतो आणि जमीन काम करण्याजोगी होते, तो वाफसा. शेतकरी तो ओळखतात तसाच तुम्हीही ओळखा: मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून मोकळा झाला तर चला. लाडवासारखा तसाच राहिला तर बाईक डांबरावर ठेवा आणि चहा पिऊन परत या. भर पावसाळ्यात काळ्या मातीवर फिरायचंच नाही, हा माझा पक्का नियम आहे. त्या दिवसांत मुरमाकडे वळायचं.

मुरूम पाणी लवकर खाली सोडतो, म्हणून पावसाळ्यात तो बरा. त्याचा धोका उन्हाळ्यात असतो. वरचे सुटे खडे गोट्यांसारखे फिरतात आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक खालून निघून जातं. शिवाय मुरमाची धूळ एअर फिल्टर भरून टाकते. कन्हानसारख्या नदीपात्रातली रेती हा तिसरा प्रकार. पहिले सहा महिने तिच्या वाटेला जाऊ नका, ती जड गाडीला गिळते.

तर पहिलं काम म्हणजे तुमच्या घरापासून दीड तासाच्या आत कोणती माती आहे ते कागदावर लिहा. पुढचे सगळे आकडे त्या कागदाशी ताडून पाहायचे आहेत.

दुसरी पायरी: स्वतःला मोजा

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहा. एक जाड वही दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत घट्ट धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. ही तुमच्या पायांची आतली उंची. माझी उंची पाच फूट तीन इंच आणि हे माप २९ इंच, म्हणजे सुमारे ७३५ मिलिमीटर.

आता सीटची उंची बघा. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ८२५ मिलिमीटर, एक्सपल्स २१० ८३०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर ८३०, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स ८३५. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ अशी दोन उंचींवर बसवता येते. कावासाकी केएलएक्स २३० या सगळ्यांत उंच, ८८० च्या आसपास.

केएलएक्स सोडली तर आकडे जवळजवळ सारखे दिसतात. प्रत्यक्ष बसल्यावर फरक कळतो. सीट रुंद असली की मांड्या बाहेर फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत कमी पोचतात. सस्पेन्शन मऊ असलं की बसताक्षणी गाडी खाली दबते आणि तेवढे पाय जास्त टेकतात. म्हणून वाचून ठरवू नका, शोरूममध्ये ट्रेलवर जे बूट घालणार तेच घालून बसा.

दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत, हा हट्ट सोडा. दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील तर पुरेसं आहे. माझा तर एका वेळी एकच पाय पूर्ण टेकतो. थांबताना मी कंबर सीटवरून डावीकडे सरकवते, डावा पाय सपाट टेकते आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवते. ही सवय रिकाम्या मैदानावर शंभर वेळा केली की अंगात बसते.

उंची फारच अडचणीची वाटली तर सीटकव्हर शिवणाऱ्याकडे जाऊन फोम थोडा तासून घ्या. त्यानं गाडीच्या चालीला धक्का लागत नाही. सस्पेन्शनमध्ये बदल करून गाडी खाली आणण्याचा सल्ला मिळेल, तो नव्या माणसानं घेऊ नये. जमिनीपासूनची उंची कमी होते, चाकाची वरखाली चाल कमी होते, आणि ज्यासाठी ही गाडी घेतली तेच हातचं जातं.

तिसरी पायरी: वजन, आणि ते उचलून पाहणं

माझ्या मते सगळी निवड या पायरीवर ठरते. ट्रेलवर तुम्ही पडणार. सगळेच पडतात. प्रश्न इतकाच की उन्हात, दमलेल्या अंगानं, तिसऱ्यांदा पडल्यावर गाडी उचलता येते का.

इंधनासह वजनं साधारण अशी आहेत: केएलएक्स २३० सुमारे १४० किलो, एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १६०, व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७, एक्सपल्स २१० सुमारे १७०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर सुमारे १८३, हिमालयन ४५० १९६. केएलएक्स आणि हिमालयन यांच्यात पन्नास किलोंहून जास्त फरक आहे, म्हणजे खताचं एक अख्खं पोतं. ते पोतं तुम्ही प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर सोबत नेणार आहात. डांबरावर ते जाणवत नाही, उलट वाऱ्यात गाडी स्थिर ठेवतं. चाकोरीत मात्र पहिल्या मिनिटाला जाणवतं.

गाडी उचलायची रीत खरेदीच्या आधीच शिका. ओळखीच्या कुणाची तरी बाईक घ्या, गवतावर जुनी गादी टाका आणि तिच्यावर गाडी हळूच आडवी करा. आधी इंजिन बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कोसळणार नाही. पहिला गिअर टाकता आला तर टाका, गाडी सरकत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. मग सीटकडे पाठ करून खाली बसा, ढुंगण सीटच्या कडेला टेकवा, एक हात खालच्या हँडलवर, दुसरा मागच्या कॅरिअरच्या दांड्यावर. पाठ ताठ ठेवून छोटी छोटी पावलं मागे टाकत पायांनी रेटा. ताकद मांड्यांची लावायची, कमरेची नाही. ओणवं होऊन दोन्ही हातांनी ओढायला गेलात तर कंबर धरते आणि गाडी तिथेच राहते.

हे लागोपाठ तीनदा करा. तिसऱ्यांदाही जमलं तर ते वजन तुमचं. नाही जमलं तर हलकी गाडी बघा, मग ब्रोशर काहीही म्हणो. मी पहिली जड गाडी विकून एक्सपल्स २०० ४व्ही घेतली त्यामागे हेच कारण होतं. पहिल्याच महिन्यात मी ती सात वेळा पाडली आणि सातही वेळा एकटीनं उचलली.

चौथी पायरी: चाकं, टायर आणि सस्पेन्शन

पुढचं चाक २१ इंचाचं असेल तर खड्डे, दगड आणि चाकोऱ्यांच्या कडा ते सहज ओलांडतं. अरुंद टायर मऊ माती कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. दोन्ही एक्सपल्स, हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचरची स्पोकवाली आवृत्ती आणि केएलएक्स यांना पुढे २१ इंचच आहे. केटीएमची एक्स आवृत्ती १९ आणि १७ इंचांच्या अलॉय चाकांवर येते, ती डांबराकडे झुकलेली आहे. व्ही-स्ट्रॉम एसएक्सलाही तसंच पुढे १९, मागे १७, आणि अलॉय.

स्पोकची चाकं दगडावर आपटली तर वाकतात आणि परत सरळ करता येतात. अलॉय वाकलं किंवा तडकलं की खर्च मोठा. पण बऱ्याच स्पोकच्या चाकांत ट्यूब असते आणि रानात पंक्चर झालं तर चाक खोलावं लागतं. व्ही-स्ट्रॉमच्या ट्यूबलेस टायरला रस्त्यातच दोरी ठोकून पुढे जाता येतं. हिमालयनला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय आहे, परवडत असेल तर घ्या. ट्यूबवाली गाडी असेल तर दोन टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि पुढची एक २१ इंची ट्यूब कायम सोबत ठेवा. अडीअडचणीत ती मागच्या चाकातही घालून हळूहळू घरी येता येतं. मागची मात्र पुढे बसत नाही.

हवेबद्दल बहुतेक नवे लोक बेफिकीर असतात. डांबरासाठी कंपनीनं सांगितलेली हवा सकाळी टायर थंड असताना भरा. कच्च्या रस्त्यावर उतरलात की ती २२ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास आणा. टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते, हाताला बसणारे हादरे कमी होतात. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिमला चिमटून फुटते. डांबरावर परतलात की हवा पुन्हा भरा, म्हणूनच पंप सोबत हवा.

सस्पेन्शनची चाल म्हणजे चाक किती वरखाली होतं ते. एक्सपल्स २०० ४व्हीला पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर, एक्सपल्स २१० ला २१० आणि २०५, हिमालयन ४५० ला दोन्हीकडे २००. व्ही-स्ट्रॉमची चाल यांच्यापुढे बरीच कमी आहे. बांधावरून खाली उतरताना हा फरक हातांना कळतो.

आणि मडगार्ड. शोरूममध्ये पुढच्या टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घालून बघा. चार बोटं सहज गेली तर ठीक. दोनही अडकली तर काळ्या मातीच्या दिवसांत ती गाडी घरी राहील, एवढं लक्षात ठेवून निर्णय घ्या.

पाचवी पायरी: इंजिन, पण उन्हाच्या हिशोबानं

आकडे आधी सांगून टाकते. एक्सपल्स २०० ४व्हीची ताकद १९ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) आसपास, एक्सपल्स २१० ची २४.६, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची २६.५, हिमालयन ४५० ची ४०, केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ४६. पांदणीवर तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीस-पंचवीसनं चाललेले असता. तिथे १९ पीएससुद्धा पूर्ण वापरले जात नाहीत. थ्रॉटल हळू उघडल्यावर गाडी झटका न देता निघते का आणि क्लच हलका आहे का, या दोन गोष्टी तिथे कामाच्या. जास्त ताकद लागते ती चौपदरी रस्त्यावर, ट्रकला ओलांडताना. तुम्हाला पेंच-शिवनीकडे तासभर महामार्गानं जाऊन मग कच्च्यात उतरायचं असेल तर चाळीस पीएसचा उपयोग आहे. घराजवळच्याच पांदणी फिरायच्या असतील तर नाही.

महामार्गाचा विषय निघाला म्हणून सांगते, समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे. हिंगण्याकडून निघताना नकाशा तुम्हाला तिकडे ओढेल, त्याचं ऐकू नका.

आता उन्हाचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पहिल्या गिअरमध्ये हळू चालताना इंजिनावर वारा लागत नाही. एक्सपल्स २०० ४व्ही आणि व्ही-स्ट्रॉम तेलानं थंड होतात. अशा गाड्यांना दर वीस-पंचवीस मिनिटांनी सावलीत पाच मिनिटं थांबवा. एक्सपल्स २१०, हिमालयन ४५० आणि केटीएमला रेडिएटर आणि पंखा आहे, त्या तापमान सांभाळून घेतात. पण त्यांच्या रेडिएटरच्या जाळीत माती भरली की तीच सोय अडचण होते. जाळी साध्या नळाच्या पाण्यानं, कमी जोरानं धुवायची. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपानं पाती वाकतात. कूलंटची पातळी एप्रिलपासून दर आठवड्याला बघा.

गाडीपेक्षा तुम्ही आधी तापता हेही खरं. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मी पहाटे पाचला निघते आणि साडेआठला तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर असते. त्यानंतर कच्च्यात राहत नाही. सोबत तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं असतातच.

ब्रेकबद्दल एकच सांगते. सुट्या मुरमावरच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू देणं उपयोगी पडतं, म्हणून मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येणं चांगलं. हिमालयन ४५० मध्ये ते जमतं, केटीएम आणि एक्सपल्समध्ये ऑफ-रोडसाठी वेगळा मोड आहे. व्ही-स्ट्रॉममध्ये ती सोय नाही. पहिले तीन महिने मात्र तुम्ही एबीएस चालूच ठेवा.

सहावी पायरी: आता निवडा

रोज ऑफिसला जायचं, रविवारी पांदणी फिरायच्या, आणि पडण्याची भीती वाटते: एक्सपल्स २०० ४व्ही. तिचे सुटे भाग स्वस्त आहेत आणि तालुक्याच्या गावातही मिळतात. साधा मेकॅनिकसुद्धा तिला घाबरत नाही. हायवेवर ती दमते, ऐंशीच्या पुढे तिला ताणू नका.

हेच सगळं हवं, पण महामार्गावर थोडा जास्त दम हवा असेल तर एक्सपल्स २१०. मला आज पहिली गाडी घ्यायची असती तर मी हीच घेतली असती.

डांबर ऐंशी टक्के आणि बाकी सौम्य मुरूम असेल, मागे नवरा किंवा बायको बसणार असेल, पंक्चरची कटकट नको असेल तर व्ही-स्ट्रॉम एसएक्स. तिला चिखलात नेऊ नका, ती त्यासाठी बनलेली नाही.

लांबचे प्रवास, सामान, पुढेमागे स्पिती-लडाख मनात असेल आणि अंगात ताकद असेल तर हिमालयन ४५०. टाकी १७ लिटरची आहे. पण पहिलं वर्ष हिच्यावरच शिकायचं ठरवलंत तर कुणी तरी जोडीदार सोबत घेऊनच कच्च्यात उतरा.

केटीएम ३९० ॲडव्हेंचर चपळ आणि ताकदवान आहे. थ्रॉटलला ती लगेच प्रतिसाद देते. ते अनुभवी हाताला आवडतं, नव्या हाताला दचकवतं. दुसरी गाडी म्हणून छान.

केएलएक्स २३० खऱ्या अर्थानं मातीची गाडी. हलकी, उंच, टाकी लहान, साडेसात लिटरची. जिच्या-ज्याच्याकडे रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे आणि पाय लांब आहेत, तिनं-त्यानं विचार करावा.

सातवी पायरी: पैशाचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यामुळे दोनशे-अडीचशे सीसीच्या गाड्या आणि चारशेच्या गाड्या यांच्यातली दरी वाढली आहे. त्या फरकाच्या पैशात काय काय येतं ते बघा: आयएसआय शिक्क्याचं फुल-फेस हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, हातमोजे, आणि जाळीचं जॅकेट, कारण नागपूरच्या उन्हात बंद जॅकेट माणूस दहा मिनिटांत काढून टाकतो. बूट आणि गुडघ्याचे गार्ड यांवर काटकसर करू नका. ट्रेलवर गाडी पायावर पडते.

गाडीसाठी पहिल्या दिवशीच इंजिनाखालचा मजबूत पत्रा आणि हाताचे गार्ड बसवा. आरसे घडी होणारे घ्या. क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हर टूलकिटमध्ये टाका, पडल्यावर सगळ्यात आधी तेच मोडतात. कर्कश सायलेन्सरवर पैसा घालवू नका. खेड्यात शिरताना त्याच आवाजामुळे लोक तुमच्याकडे रागानं बघतात, आणि मग वाट विचारायला तोंड राहत नाही.

सेकंड-हँड घ्यायची असेल तर पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर तेलाची ओल आहे का, स्पोक ढिले आहेत का, चेन आणि स्प्रॉकेटचे दात टोकदार झालेत का, आणि खालच्या पत्र्यावर किती खोल ओरखडे आहेत ते बघा. पत्रा चेपलेला असेल तर चौकटही तपासून घ्या.

आठवी पायरी: टेस्ट राइड

शोरूमची टेस्ट राइड बहुधा गर्दीच्या रस्त्यावर दोन किलोमीटरची असते. त्यातही बरंच कळतं. फुटपेगवर उभं राहून चालवून बघा, म्हणजे पायाच्या खुंट्यांवर उभं राहून, गुडघे टाकीला चिकटवून. हँडल हाताशी येतं का, की वाकावं लागतं? कच्च्यात अर्धा वेळ असंच चालवायचं असतं. मग पहिल्या गिअरमध्ये क्लचवर माणसाच्या चालीनं दहा पावलं गाडी न्या. एखाद्या मोकळ्या जागी हँडल पूर्ण वळवून गोल फिरवा. शेवटी इंजिन बंद करून गाडी मागे ढकला, दहा पावलं. पांदणीत वळायला जागा नसते, मागेच यावं लागतं.

पहिला महिना

पहिले दोन रविवार रस्त्यावर जाऊच नका. एखादं मोकळं मैदान गाठा. उभं राहून चालवणं, हळू वळणं, मागच्या ब्रेकनं थांबणं, चढावर थांबून पुन्हा निघणं, एवढंच करा. तिसऱ्या रविवारी मुरमाचा सोपा रस्ता घ्या. जायचं तेवढंच अंतर परत यायचं असतं हे धरून अर्धी ताकद शिल्लक असतानाच वळा. एकट्यानं जाऊ नका आणि घरी गावाचं नाव सांगून निघा.

पांदण ही शेतकऱ्याची वाट आहे. जूनमध्ये पेरणी झाल्यावर धुऱ्यावरून (बांधावरून) किंवा शेतातून गाडी घालू नका, एक चाक गेलं तरी रोपं जातात. समोरून बैलबंडी आली तर बाजूला थांबा आणि इंजिन बंद करा. बैल बुजले तर बंडीवरच्या माणसाचा जीव धोक्यात येतो. कुणाच्या शेताजवळ थांबलात तर रामराम घाला. वाट विचारा, वाफसा विचारा. कोणत्याही ॲपपेक्षा अचूक उत्तर मिळतं.

पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा यांच्या जंगलात खासगी दुचाकीनं फिरायला परवानगी नाही. तिथे नोंदणीकृत सफारी गाडीनंच जायचं असतं. पण वाघ जंगलाची हद्द पाळत नाही, उमरेड-भिवापूरच्या शेतशिवारात तो दिसतो. म्हणून सूर्य उगवल्यावर कच्च्यात शिरा आणि मावळण्याच्या तासभर आधी डांबरावर या. अंधाराचा दुसरा धोका याहून मोठा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात आणि त्या तारांना लागून विदर्भात माणसंही गेली आहेत, वाघही. तारेचं कुंपण दिसलं तर हात लावू नका, ओलांडायचा तर विचारही नको. कोळशाच्या आणि मॅंगनीजच्या खाणींच्या आवारातले रुंद कच्चे रस्ते फार मोह पाडतात. तेही वर्ज्य समजा.

घरी आल्यावर गाडी लगेच धुवा. काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते, चेनमध्ये आणि ब्रेकच्या कॅलिपरमध्ये विशेष. चेन रॉकेलनं पुसून, सुकवून तेल द्या, तिचा ढिलेपणा मॅन्युअलमधल्या मापाशी ताडा. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर दर दोन-तीन फेऱ्यांनंतर उघडून बघा. शेवटी प्रत्येक स्पोकवर पान्यानं हलकेच टकटक करा. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, ढिला भद्द वाजतो. भद्द वाजलेल्यावर खडूची खूण करा आणि पुढच्या रविवारच्या आधी तो आवळून घ्या.